साताऱ्याच्या बंडाची कारणं शोधायची आणि लिहायची कशी

सातारा-सांगलीच्या कॉलेजांत इतिहासाच्या प्रकल्पाला दोन विषय हमखास निघतात: 1857 चा सातारचा कट आणि 1942 चं प्रतिसरकार, म्हणजे भूमिगतांनी इंग्रजांना समांतर चालवलेला कारभार. दोन्हींत ‘कारणे’ हे प्रकरण बहुधा एकाच साच्यातून निघालेलं असतं: राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी आणि शेवटी तात्कालिक. हे सहा खण पाठ्यपुस्तकानं अख्ख्या हिंदुस्थानासाठी केलेले आहेत. त्यांत सातारा कोंबला की सातारचा मीरत होतो आणि साताऱ्यात काडतुसांवरून काय झालं हे कुणी तपासलेलं नसतानाही काडतुसं यादीत येऊन बसतात.

खाली दिलेली पद्धत 1857 च्या उदाहरणावर चालवली आहे. बंड कुठलंही असो, ती चालते. दोन-तीन महिने हातात असतील तर पुरेल. आठ दिवसांत उरकायचं असेल तर विषयच लहान घ्या.

आधी प्रश्न दुरुस्त करा

‘साताऱ्यात 1857 साली बंड का झालं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण साताऱ्यात पलटण उठली नाही. जून 1857 मध्ये बेत फुटला. 22 व्या पलटणीतल्या शिपायांना चिथवल्याबद्दल मानसिंग नावाच्या चपराशाला 20 जूनला फाशी झाली. मग धरपकड झाली, राजघराण्यातल्या मंडळींना साताऱ्याबाहेर हलवलं आणि 8 सप्टेंबरला गेंडामाळावर 17 जणांना देहान्त दिला: कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. ज्यांना कटाचे सूत्रधार मानलं गेलं ते सातारच्या महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते इंग्रजांच्या हाती शेवटपर्यंत लागले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम मात्र त्या सतरांत होता.

म्हणून प्रश्न दोन करा. कट का शिजला? आणि शिजलेला कट उठाव का झाला नाही? पहिल्याची कारणं दुसऱ्याला लागू पडत नाहीत. हे दोन एकाच प्रकरणात मिसळले की परीक्षक पहिला खुणेचा कागद तिथंच घालतो.

शब्दही इथंच ठरवून टाका. इंग्रजी कागदांत ‘बंड’ आणि ‘कट’ या अर्थाचे शब्द येतील, स्मारकाच्या पाटीवर ‘स्वातंत्र्यसमर’ असेल. तुमच्या मजकुरात एकच शब्द ठेवा; बाकीचे ज्याचे त्याच्या अवतरणात.

तक्रारीचं कार्ड

पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची कार्डं कापून घ्या, चाळीसेक पुरतात. एका कार्डावर एकच तक्रार. वर उजव्या कोपऱ्यात साल. मग पाच ओळी: तक्रार काय, कुणाची, कुणाविरुद्ध, कुठल्या कागदावरून कळली, आणि ती बंडाच्या सालापर्यंत कुणी जागती ठेवली. शेवटची ओळ बहुतेकांची रिकामी राहते, आणि खरं काम तीच ओळ करते.

भरलेलं कार्ड असं दिसतं.

साल 1848. तक्रार: दत्तक नामंजूर, सातारचं राज्य खालसा. सातारचे महाराज शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब 5 एप्रिल 1848 ला वारले; त्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं तो मानला नाही आणि कंपनीच्या संचालकांनी जानेवारी 1849 मध्ये खालसा मंजूर केलं. कुणाची तक्रार: राण्या, दत्तक मुलगा, दरबारचे मानकरी, कारकून, शागीर्दपेशातले नोकर. कुणाविरुद्ध: कलकत्त्याचं सरकार. इथं ‘इंग्रज’ असं ढोबळ लिहू नका. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क खालसा करण्याच्या विरोधात होता आणि साताऱ्यातला कंपनीचा प्रतिनिधी, रेसिडेंट बार्टल फ्रिअर, याचाही कल दत्तक मानावा असा होता. कागद: कंपनीनं सातारच्या राजाशी केलेला 25 सप्टेंबर 1819 चा तह आणि डलहौसीचा शेरा. 1857 पर्यंत कुणी जागती ठेवली: …

इथं थांबा. नऊ वर्षं मध्ये आहेत. राज्य 1848 ला गेलं आणि लोक 1857 ला उठायला निघाले, हे ‘म्हणून’ या एका शब्दानं जोडता येत नाही. नऊ वर्षांत माणसं मरतात, पेन्शनी खातात, दुसऱ्या नोकऱ्या धरतात. तक्रार आपोआप शिळी होते. ती ताजी ठेवायला माणूस, पैसा आणि निमित्त लागतं. ते दाखवलं तरच तक्रारीचं कारण होतं.

सातारच्या बाबतीत तो माणूस रंगो बापूजी. 1839 च्या सप्टेंबरात मुंबईचा गव्हर्नर कार्नाकनं प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. आरोप तीन होते: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार, आणि कंपनीच्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवणं. आरोप मान्य असल्याचं लिहून द्या, गादी ठेवतो, असं सांगितलं होतं. महाराजांनी सही केली नाही. त्यांची रवानगी काशीला झाली आणि गादीवर त्यांचे भाऊ शहाजीराजे आले. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे 13-14 वर्षं तिथंच राहिले. अर्ज, सभा, छापील पत्रकं, संचालकांच्या बैठकीत भाषणं, सगळं सनदशीर. 14 ऑक्टोबर 1847 ला महाराज काशीला वारले, पुढच्या वर्षी राज्यच गेलं, तरी हा वकील दारं वाजवत राहिला. 1853-54 च्या सुमारास रिकाम्या हातानं परतला.

कार्डाची शेवटची ओळ आता भरता येते: अर्जाची वाट पुरती चालून झाली, आणि ती चालून पाहिलेला माणूस साताऱ्यात परत आला. 1848 आणि 1857 यांना जोडणारा दुवा हा आहे.

तहातला एक शब्द

1819 च्या तहाचं पहिलं कलम मुळातून वाचा, कुणाच्या सारांशावरून नको. नीरा-भीमेपासून वारणा-कृष्णेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरकडच्या बाजूपर्यंतचा मुलूख राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचा दिला, असा त्याचा आशय आहे. सगळा वाद ‘वारस’ या शब्दावर आहे. हिंदू शास्त्राप्रमाणं दत्तक हा वारसच. डलहौसीचं म्हणणं: हे राज्य कंपनीनं निर्माण केलेलं, मांडलिक, इथं दत्तकाला वरिष्ठाची परवानगी लागते, ती आम्ही देत नाही.

परीक्षेला हे एका ओळीत बसतं. प्रकल्पात अर्धं पान द्या, कारण साताऱ्यातल्या शहाण्यासुरत्या माणसाला राग राज्य गेल्याचा होताच, पण त्याहून मोठा राग लिहून दिलेला शब्द फिरवल्याचा होता. पाचवं कलमही पाहा. बाहेरच्या सत्तांशी, सरदार-जहागीरदारांशी परस्पर व्यवहार ठेवू नये, अशी अट तिथं आहे. 1839 चे आरोप याच अटीवर उभे केले होते. ते खरे की बनावट पत्रांवर रचलेले, यात तुमच्या प्रकल्पानं निकाल द्यायची गरज नाही. आरोप ज्या रीतीनं चालवले गेले, त्या रीतीनं साताऱ्यात काय भावना झाली हे तुमचं काम.

शेजारी का नाही?

प्रत्येक कार्डाला चार प्रश्न विचारा: इथंच का, तेव्हाच का, याच लोकांत का, आणि तीच तक्रार असून शेजारी का नाही. चौथा प्रश्न लोक गाळतात. तो सर्वांत कामाचा आहे.

शेजार तीन घ्या. पहिला, सातारच्या गादीचे जुने जहागीरदार: औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट. गादी गेल्याचं यांना वाईट वाटलं असेल, पण 1820 साली कंपनीनं यांच्याशी वेगळे करार केले होते. त्यांचं अन्न गादीवर अवलंबून उरलं नव्हतं. ते स्वस्थ राहिले. सांगलीकर पटवर्धनही स्वस्थ राहिले. म्हणजे ‘मराठेशाही बुडाल्याचं दुःख’ हे कारण एकटं पुरत नाही. कुणाची जागा राहिली आणि कुणाची गेली, ते गावनिहाय, घरनिहाय पाहावं लागतं.

दुसरा शेजार कोल्हापूर. तिथं 31 जुलै 1857 ला 27 वी पलटण खरोखर उठली. साताऱ्याहून अंतर फार नाही. फरक कशात? कोल्हापुरात आधी शिपाई उठले. साताऱ्यात आधी गावातली आणि वाड्यातली मंडळी हलली आणि शिपायांना वळवायला गेली. बाहेरून पलटणीत शिरायचं तर दहा कानांवर जातं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, उठाव का झाला नाही याचं, निम्मं उत्तर इथं आहे.

तिसरा नरगुंद, आजच्या कर्नाटकातलं छोटं संस्थान. तिथं दत्तक नामंजूर झाला आणि बाबासाहेब भावे 1858 मध्ये उठले. सातारसारखीच तक्रार, पण हत्यारं काढून घ्यायची सक्ती तिथं ताजी होती आणि किल्ला हातात होता.

ही तुलना तक्त्यात मांडा: आडव्या ओळीत गावं, उभ्या रकान्यांत दत्तक, इनाम, पलटण, पुढारी, हत्यारं, बातमी. पाच गावं, सहा रकाने, तीस चौकटी. सगळ्या भरणार नाहीत. जी चौकट कागदानं भरत नाही ती कोरी ठेवा. अंदाजानं भरलेली चौकट पुढं तुम्हालाच खरी वाटू लागते.

इनामांचा आकडा जपून. पाठ्यपुस्तकांत इनाम कमिशननं, म्हणजे इनाम जमिनींच्या सनदा तपासणाऱ्या सरकारी मंडळानं, 20,000 जहागिरी जप्त केल्याचं येतं. तो आकडा दख्खनचा म्हणून दिला जातो, सातारचा नव्हे. तुमच्या गावापुरतं शोधायचं तर चौकशी कोणत्या साली झाली, इनाम कायम झालं की त्यावर आकार (सारा) बसला, सनद कधीची, एवढं पाहा. 1857 नंतर चौकशी झालेल्या इनामाचा राग 1857 ला कामाला येत नाही. हसू नका, ही चूक छापील पुस्तकांतही आहे.

कागद

घरबसल्या मिळणारं आधी संपवा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 19 वा खंड सातारचा, 1885 चा; स्कॅन मिळतो. त्यातला इतिहासाचा भाग सरकारी नजरेचा आहे, पण जमीन, सारा, बाजार, जाती यांची माहिती दुसरीकडं इतकी एकत्र सापडत नाही. सातारच्या प्रकरणावर ब्रिटिश पार्लमेंटसाठी छापलेले कागदही ऑनलाइन आहेत. प्रतापसिंह, आरोप, खालसा, सगळ्याचा पत्रव्यवहार त्यांत येतो.

मग पुणं. पुराभिलेखागारात, ज्याला सगळे अजून पेशवे दप्तरच म्हणतात, सातारच्या महाराजांचं दप्तर आणि इनामांचे कागद आहेत. रुमालांत बांधलेले असतात. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि दोन शिसपेन्सिली न्या. शाईचं पेन बाहेर ठेवा. पहिल्या दिवशी एकही कागद मागवू नका, फक्त यादी पाहा आणि रुमाल क्रमांक उतरवा. टिपणाच्या डोक्यावर रुमाल क्रमांक, पुडकं, कागदाचा क्रमांक लिहिल्याशिवाय मजकुराला हात लावू नका. हे न केल्यामुळं पुन्हा पुण्याला जावं लागतं. मुंबईच्या पुराभिलेखागारात राजकीय खात्याची इंग्रजी बाडं आहेत. मोडी येत नसेल तर सुरुवात तिथून.

मोडीची बाराखडी आठवड्यात येते, पण धावतं मोडी वाचायला काही महिने रोज सराव लागतो. येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि तसं प्रकल्पात लिहा. अर्धवट वाचून ‘स’चा ‘म’ करण्यापेक्षा ते बरं.

तारखा इथंच बिघडतात. जुन्या कागदांवरच्या सालाचं इसवी सन काढायचं तर शकात 78 मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतचा दिवस असेल तर 79. दख्खनी फसलीत 590, जानेवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत 591. शुहूर सनात 599 किंवा 600. साल मृगाला बदलतं. शुहूर सन अंकांत न लिहिता अरबी शब्दांत येतं आणि तेही एककापासून. ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ असं असेल तर तिसा 9, अशर 10, मयातैन 200, अलफ 1000, मिळून 1219, म्हणजे 1818-19. पुढं ‘छ’ आणि आकडा आला की तो चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस. त्याला तिथी समजून पंचांग उघडू नका.

जबान्यांवर किती विसंबायचं

1857 च्या कटाची बरीच माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आणि धरलेल्या माणसांकडून आली. समोर तोफ दिसत असताना दिलेली जबानी आहे ही. विचारणाऱ्याला एक सूत्रधार हवा होता, आणि पळून गेलेल्या माणसावर सगळं ढकलणं आरोपीलाही सोयीचं होतं. नंतर देशभक्तीनं लिहिणाऱ्यांनाही सूत्रधारच हवा होता. दोन्ही बाजूंनी रंगो बापूजी वाढत गेले. एकाच गोष्टीला तीन स्वतंत्र जबान्या असतील तर ती घ्या. एकच असेल तर ‘अमुकाच्या जबानीनुसार’ असं लिहा.

तसंच लंडनमधल्या भेटीचं. रंगो बापूजी आणि नानासाहेब पेशव्यांचे अजीमुल्ला खान 1853 मध्ये लंडनला होते, इतकं ठरतं. 1857 चा बेत तिथल्या खोलीत ठरला, हे त्यावरून ठरत नाही. हवं तर तळटीपेत घाला.

17 जणांची यादी स्मारकावर आणि छापील पुस्तकांत मिळते. नावं उतरवून घ्या, आडनावांसकट. गुप्ते-चित्रे अशी कारकुनी घरातली नावं आहेत तशी रामोशी समाजातलीही आहेत. वाड्यातल्या तक्रारीसाठी गडकरी-रामोशी का आला, हे ‘स्वामिनिष्ठा’ या शब्दानं झाकू नका. जुन्या किल्ल्यांवरच्या चाकऱ्या आणि गावराखणीचे हक्क यांचं काय झालं, तिकडं शोधा. उमाजी नाईकांचं बंड पुरंदरच्या बाजूला याच कारणानं पंचवीस-तीस वर्षं आधी होऊन गेलं होतं.

1942 घेतलंत तर

पद्धत तीच, पण अडचणी वेगळ्या. पहिली नकाशाची. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये निघाला आणि त्याचं नाव सांगली झालं 1960 मध्ये. ‘सांगली जिल्हा 1942’ असं शोधलंत तर सांगली संस्थानाचे कागद हाती येतील आणि इस्लामपूरचा मोर्चा सापडणारच नाही.

म्हणून ट्रेसिंग पेपरवर संस्थानांच्या हद्दी काढा आणि आजच्या तालुक्यांच्या नकाशावर ठेवा. कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती. दोन-चार मैलांवर ब्रिटिश मुलूख. औंधच्या राजानं 1939 साली प्रजेला कारभार देऊन टाकलेला. भूमिगताला ओढा ओलांडला की दुसरं राज्य, पोलिसाला मात्र कागद हलवावे लागत. प्रतिसरकार इथंच इतकं का टिकलं, याचं उत्तर निम्मं या ट्रेसिंग पेपरवर दिसतं. भाषणं वाचून ते दिसत नाही.

दुसरी अडचण: कारणांच्या जागी पराक्रम येतात. 7 जून 1943 ला लुटलेली शेणोलीची पगाराची गाडी, 14 एप्रिल 1944 ला लुटलेला धुळ्याचा खजिना. वाचायला छान, पण ही चळवळीची कामं. चळवळ का उठली हे त्यांतून कळत नाही. कारणांसाठी मागं जा: सत्यशोधक जलशांनी गावकऱ्याला भटजी-सावकारापुढं उभं राहून बोलायला शिकवलं, 1930 ला बिळाशीचा जंगल सत्याग्रह, मग 1942 च्या ऑगस्ट-सप्टेंबरातले कचेऱ्यांवरचे मोर्चे. तासगावचा 3 सप्टेंबरला निभावला, वडूजला 9 ला आणि इस्लामपूरला 10 ला गोळीबार झाला. उघडा मोर्चा म्हणजे मरण, हे दोन दिवसांत कळलं आणि भूमिगत व्हायची वाट धरली. त्यात युद्धाची महागाई, धान्याची टंचाई, दरोडेखोरांचा सुळसुळाट. पोलीस भूमिगतांच्या मागं आणि गाव दरोडेखोरांच्या तोंडी. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांकडं लोक का गेले ते इथून कळतं.

एक उलटा कागदही ठेवा. याच जिल्ह्यातून फौजेत भरती चालू होती. अपशिंगे गावाचं नावच ‘मिलिटरी’. सरकारचा पगार खाणारं घर आणि सरकारविरुद्ध लपवाछपवी करणारं घर एकाच आळीत, कधी एकाच छपराखाली. हे न लिहिता ‘सारा जिल्हा पेटून उठला’ असं लिहिलंत तर गावातला म्हातारा पहिल्या पानावरच हसेल.

तोंडी माहिती आता बहुतेक पुढच्या पिढीकडून मिळते. ‘तुमच्या वडिलांनी का भाग घेतला?’ असं विचारलं की स्मारकावरचं वाक्य परत मिळतं. वस्तू विचारा: लेव्हीचं (सरकारला सक्तीनं द्यायचं) धान्य कुठं लपवायचे, रॉकेल कुणाकडं मिळायचं, भाकरी कोण पोचवायचं, रात्री कुत्री भुंकू नयेत म्हणून काय करायचे. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, दुसऱ्या खेपेला जा. 1930 आणि 1942 आठवणीत एकमेकांत मिसळतात. झेंडा, जंगल, करवत असं आलं की बहुधा 1930 चं. प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणतात; त्यातलं ‘पत्री’ हे ‘प्रति’चं बोलीतलं रूप की तळपायावरच्या शिक्षेवरून पडलेलं नाव, हे दर गावात वेगळं ऐकू येईल. दोन्ही उतरवून घ्या.

लिहायला बसल्यावर

कार्डं जमिनीवर सालाप्रमाणं मांडा. ज्यांची शेवटची ओळ रिकामी आहे ती बाजूला काढा; ती ‘पार्श्वभूमी’त दोन पानांत जातील. उरलेली सात-आठ असतील तर ठीक. पंधरा उरली तर तुम्ही शेवटची ओळ सैल हातानं भरली आहे. मग एकेक कार्ड उचलून बघा: हे नसतं तर? खालसा झालं नसतं तर कटाला कारणच नव्हतं. मीरतची बातमी आली नसती तर कट जूनमध्ये हलला नसता, पण मनात राहिला असता. पहिलं कारण, दुसरं निमित्त. पानं त्याच मापानं द्या.

‘असंतोष पसरला’, ‘ठिणगी पडली’, ‘वणवा भडकला’ ही वाक्यं खोडा. असंतोष कुणात, कोणत्या साली, कशावरून, हे लिहिता येत नसेल तर ते वाक्य काही सांगत नाही.

कुणी घरातले मोडी कागद दाखवले तर तिथंच, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो घ्या. शेजारी फूटपट्टी ठेवा आणि मागची बाजूही घ्या, कारण तारीख आणि शिक्का पुष्कळदा मागं असतो. घडी चिरली असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कागद ज्याचे त्याला त्याच दिवशी परत द्या आणि प्रकल्प झाला की एक प्रत त्या घरी पोचवा.